इस्त्रीवाल्या काकांचा होकार

डॉक्टरकीच्या वर्गात पहिला येणारा मुलगा वस्तीच्या दवाखान्यात शिकायला आला की त्याचं काय होतं, हे सिस्टरना तोंडपाठ होतं. यंदाच्याचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी ‘पुस्तक’ ठेवून टाकलं. पुस्तकाला सहा आठवडे काम करून कार्डावर सिस्टरची सही मिळवायची होती. सही नाही तर पुन्हा सहा आठवडे, आणि परीक्षा बसली पुढच्या वर्षी.

चौथा आठवडा लागला तरी इस्त्रीवाल्या काकांची साखर काही खाली येईना. इन्शुलिनचा डोस दोनदा वाढवून झाला, आणि नजर आपली धूसरच होत चाललेली. पुस्तकाच्या पांढऱ्या कोटावर त्यांनी इस्त्रीचा तपकिरी डाग उठवला, तेव्हा बिचारे रडकुंडीला आले.

“डोळे गेले तर खाऊ काय, डॉक्टर?”

पुस्तकानं तिसऱ्यांदा पेन काढलं.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या. “औषध कुठे ठेवतात, विचारलंत?”

“विचारलं की. थंड जागी ठेवता ना, म्हटलं. हो म्हणाले.”

“अहो, डॉक्टर मान हलवत विचारतोय, तर माणूस नाही कसं म्हणेल? ज्याचं उत्तर ‘हो’ येतं असा प्रश्न मी वीस वर्षं विचारलेला नाही. चला.”

काकांची खोली म्हणजे नुसती भट्टी. पेटत्या कोळशाच्या इस्त्रीच्या बरोबर वर, फळीवर, रुमालात जपून गुंडाळलेली इन्शुलिनची बाटली. उष्णतेनं त्यात औषध म्हणून काही उरलंच नव्हतं. पुस्तकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“थंड जागा आहे कुठे आमच्याकडे?” काका ओशाळून म्हणाले. “पण तुम्ही इतक्या आपुलकीनं विचारलंत, नाही म्हणवेना.”

पुस्तक जमिनीवर बसला.

“काका, उकाडा सहन होईना की तुम्ही काय करता?”

“करतो काय, कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचं मडकं आहे ना दाराशी, त्यात हात बुडवतो.”

नवी बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्याच मडक्यात गेली. डोस पुन्हा पहिल्यावर आला आणि पुस्तक रोज सकाळी साखर तपासायला जाऊ लागला. काकांचा चहा बिनसाखरेचा, पण गप्पा भरपूर.

शेवटच्या दिवशी दोघं गेले तेव्हा साखर ताळ्यावर होती. काकांनी कोट कडक इस्त्री करून हातात दिला.

“खिशाच्या कडेला शाईचा ठिपका आहे, डॉक्टर. घासला, पण निघत नाही.”

तो ठिपका शोधायला पुस्तकाला अर्धं मिनिट लागलं. सापडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

“काय मग,” सिस्टरनी विचारलं, “समजलं ना सगळं?”

‘हो’ अगदी जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला.

“पुढच्या घरी चला. समजलं की नाही, ते तिथं बघा.”

सिस्टरनी इस्त्रीच्या टेबलावरच कार्ड ठेवलं आणि सही केली.