पोचूबाबाचं खारट तीर्थ

घुग्घुसच्या कोळशाच्या रस्त्यालगत पोचूबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबानं हेमराजची मान एका बाजूला वाकवली, झारीची तोटी वरच्या नाकपुडीला लावली आणि पाणी सोडलं. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर आलं, तेही काळं, सोबत रक्ताची खपली घेऊन!

"पाहा! करणी निंगून राह्यली!" बाबा गरजला. "डाक्टरनं हाड कापलं, करणी थोडीच कापली? औषधं बंद. पाच गुरुवार इथीच या."

हेमराजच्या आईनं, सुगंधाबाईंनी हात जोडले. त्यांच्या पोराचं सायनसचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले, तरी नाक बंदच होतं. डॉक्टरांनी रोज दोनदा मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं होतं. पण डम्पर चालवणारा हा गडी, पाणी मेंदूत जाईल म्हणून नाक धुण्याच्या बाटलीला हात लावत नव्हता. आता मात्र त्याला मोकळं वाटलं. घशात थेंब उतरला.

"आई, तीर्थ खारट लागून राह्यलं," तो म्हणाला.

शेजारी उभी असलेली त्याची बहीण मयुरी दवाखान्यात नर्स होती. तिनं कान टवकारले. "बाबा, पाणी उकळलं होतं का?"

"विहिरीचं तीर्थ कोन उकळते, बाई?"

"मंग मीठ काऊन घातलं?"

बाबानं झारी उपरण्याआड सारली.

मयुरी रोज त्याच रस्त्याच्या कोळशाच्या धुळीतून स्कूटीवर ये-जा करायची. तिनं पर्समधली स्वतःची बाटली काढली आणि सगळ्यांदेखत नाक धुतलं. पाणी काळंच आलं.

"माह्यावर कोनं करणी केली? नाकपुड्या मागून जोडलेल्या असतेत. इकडून घातलं का तिकडून निंगते. काळा तो कोळसा, खपली ऑपरेशनची. मिठानं नाक झोंबत नाई, एवढाच मंत्र! पन कच्च्या पाण्यातले जंतू जखमेत गेले, तं दादाले पुन्हा ऑपरेशन लागंल."

बाबा घाबरून शिंकला आणि भगव्या उपरण्यानं नाक पुसलं. उपरण्यावर काळा डाग उमटला.

सुगंधाबाईंनी तो नीट निरखला. "अरे बाबा, तुह्यावर कोनं करणी केली?"

मांडव हसून लोटपोट झाला. बाबा झारीसकट मागच्या बाजूनं पसार!

त्या दिवसापासून सुगंधाबाई स्वतः पाणी उकळून, गार करून, डॉक्टरांनी दिलेली मिठाची पुडी मिसळून बाटली हेमराजच्या हातात देऊ लागल्या. महिन्याभरानं त्याला अंगणातूनच लसणाच्या फोडणीचा वास आला, तेव्हा त्या माऊलीला रडू आवरेना. आपणही नाक अवश्य धुवावं, पण डॉक्टरांना विचारून. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी मयुरीसारखे दोन प्रश्न विचारावेत.