मच्छरदाणीबाहेर

हिवाळ्यात लोचुई नदीकाठची माणसं मच्छरदाणीत बसून जेवत. उत्तरेचा वारा कोरड्या पात्रातली काळी वाळू उचलून घराघरात आणायचा, आणि दार कितीही घट्ट लावलं तरी ती भातात सापडायचीच. दहा घरांचा मुखिया लिआऊ थो आपल्या बहिणीला, बानला, रोज आधी आत बसवी. गावाला त्याचं भारी कौतुक. पुरात बानचं घर गेलं, सासू गेली, पण भावानं बहिणीला उघड्यावर पडू दिलं नाही, असं सगळे म्हणत. थोला ते ऐकवत नसे.

दोन वर्षांपूर्वी जपानी सरकारचा इंजिनिअर पूरबांधाची रेघ आखायला आला होता. वाऱ्यात त्याच्या दुर्बिणीतून काही दिसेना. दुभाष्यामार्फत त्यानं मुखियालाच विचारलं, रेघेपलीकडे, नदीच्या बाजूला कोणी राहतं का? पलीकडे बानची वस्ती होती, हाकेच्या अंतरावर. पण ती आत घ्यायची तर बांधाला मोठा वळसा पडणार, आणि वळशाच्या मातीसाठी थोचंच भुईमुगाचं रान खणलं जाणार. रान चांगलं होतं, बापानं दगड वेचून केलेलं. थोनं डोळ्यांतली वाळू पुसली आणि म्हणाला, तिकडे गुराख्यांच्या दोन रिकाम्या झोपड्या आहेत, बाकी कोणी नाही.

मग वेठीला सगळ्यांना जुंपलं. आपल्याला बाहेर ठेवणाऱ्या बांधाचे दगड बानच्या वस्तीनंही वाहिले. बान खांद्यावरची कावड टेकवून त्याला विनवायची, "दादा, साहेबाला एकदा सांगून बघ ना." थो म्हणायचा, "सांगितलं गं. ऐकत नाही तो." त्याची मान तेव्हा खाली होती, पण जीभ काही अडखळली नाही. पुढच्याच पावसाळ्यात नदी बांधाला थडकून फिरली आणि सगळी वस्ती घेऊन गेली. भुईमूग त्या वर्षी मात्र झकास आला.

आज तोच इंजिनिअर बांध वाढवायला परत आला होता. थो अंगणात वाकून उभा होता, बान चहा घेऊन आली. दुभाष्यानं वही चाळली आणि सहज विचारलं, "मुखिया, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात पलीकडे कोणी राहत नाही, म्हणून आम्ही रेघ अलीकडून घेतली. मग माणसं कशी बुडाली?"

बाननं चहाचे पेले एकेक करून पुढे केले. भावासमोर ठेवलेला पेला तिनं नेहमीसारखा पुसूनही दिला. थोला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

साहेब आणि दुभाष्या निघून गेले, ताटं वाढली. थोनं मच्छरदाणी वर उचलून धरली. बान आपला भाताचा वाडगा घेऊन अंगणात, भिंतीशी जाऊन बसली. वारा सुटला होता, वाडग्यात वाळू पडत होती, आणि ती तशीच खात होती.

थो बाहेर आला, तिच्याजवळ उकिडवा बसला. "बान, मी... माझं चुकलं गं."

तिनं दातांखाली आलेली वाळू जमिनीवर थुंकली. आवाज चढवला नाही.

"आत जा दादा. तुझ्या भातात वाळू पडेल."

थो उठला आणि आत गेला.