दोन हजार सहाचा रुमाल

ज्या दिवशी मी कोर्टात घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल मिळावी म्हणून अर्ज दिला, त्याच संध्याकाळी माझा पूर्वीचा नवरा माझ्या घरी राहायला आला. तो दारातून आला नाही. मी कामावरून परतले तेव्हा तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून बूट काढत होता.

"मी माझ्याच घरी चाललो होतो," श्रीनिवास म्हणाला. "स्कूटर लावली, जिना चढलो, दार उघडलं, तर हे."

एकोणीस वर्षांनी मी त्याला बघत होते. केस पांढरे झाले होते आणि चष्मा आला होता. त्याला काय म्हणून हाक मारावी हे ठरायच्या आत माझ्या तोंडून "अहो, चहा घेणार का?" निघून गेलं. तो हो म्हणाला. आत गेले तर ओटा उजव्या भिंतीकडून डाव्या भिंतीला गेला होता, आमच्या जुन्या घरात होता तसा. मी डावीकडे वळून चहा टाकला.

सकाळी कोर्टात झालं ते असं. मी बावन्न वर्षांची आहे आणि गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. टंकसाळे सर दर महिन्याला साखर तपासायला येत. ते गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. पत्नी वारलेली. दिवाळीनंतर त्यांनी एकदा, रिपोर्ट कधी मिळेल हे विचारावं तितक्याच साधेपणाने, आपण लग्न करू या का असं विचारलं. मी दोन दिवसांनी हो म्हटलं. नोंदणी कार्यालयाने घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मागितली. माझ्याकडची प्रत घर बदलताना कुठेतरी गेली होती. म्हणून मी नक्कल विभागाच्या खिडकीशी उभी राहिले.

"दावा क्रमांक?" आतल्या बाईंनी विचारलं.

"आठवत नाही. साल दोन हजार सहा. परस्पर संमतीचा होता."

"मग दोघांची नावं लिहा. रेकॉर्डला शोध लावतो." त्यांनी अर्जावर शिक्का मारला. "शोध चालू आहे तोवर निकाल झालाय असं धरता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तोवर तुम्ही लग्नाच्याच. कागद सापडला की परत घटस्फोटित."

"आणि नाही सापडला तर?"

"तर दाव्याचं रजिस्टर बघतात. ते नाही मिळालं तर त्याच्या मागचं. शोध मागे मागे जातो, मॅडम. सरका, पुढचे उभे आहेत."

मला वाटलं ही कोर्टाची बोलायची पद्धत असेल.

चहा झाल्यावर श्रीनिवासने घरी फोन लावला. त्याने दुसरं लग्न केलं होतं हे मला ऐकून माहीत होतं. बायकोचं नाव अनघा. तिने फोन उचलला, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही चुकीच्या नंबरवर लावलाय, काका." आवाज चिडलेला नव्हता. मग त्याने मला मोबाइलमधला एक फोटो दाखवला. दातांना तार लावलेली, केस कापलेली एक मुलगी सायकल धरून उभी होती.

"ईशानी," तो म्हणाला. "माझी मुलगी. यंदा दहावीला आहे."

रात्री तो बाहेर झोपला, मी आत. सकाळी त्याने तोच फोटो पुन्हा पुढे केला. सायकल तीच होती, पण ईशानी तिसरीच्या गणवेशात होती आणि सायकलच्या दांड्यापर्यंतही तिचा हात नीट पोचत नव्हता.

त्या दिवशी लॅबमध्ये टंकसाळे सर आले. मी त्यांचं रक्त घेतलं. त्यांनी दंडाशी कापूस दाबून धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"रिपोर्ट संध्याकाळी मिळेल ना, उदावंत बाई?"

घटस्फोटानंतरची एकोणीस वर्षं मी माहेरचं कुलथे लावते. ॲप्रनवरची पट्टी वाचली. तिच्यावर रेवती उदावंत असं होतं. मी "सहानंतर या" म्हटलं. त्यांनी आभार मानले आणि गेले.

घरी आले तर दोरीवर एक पायमोजा वाळत होता. पांढरा, माझ्या अंगठ्याएवढा. त्याचा चिमटा निसटला होता. मी तो नीट लावला. बुधवारी त्याच दोरीवर शाळेचे मोजे होते, आणि बेसिनमध्ये एक डबा पडला होता. डब्यात तूप-गूळ लावलेली अर्धी पोळी उरली होती. मी डबा घासून पालथा घातला. श्रीनिवास दारात उभा राहून बघत होता. मला माहीत होतं डबा कुणाचा आहे, त्यालाही माहीत होतं. या विषयावर न बोलण्याची आम्हाला सवय होती.

आम्हाला एक मुलगी होती. केतकी. सहा वर्षांची असताना, दोन हजार चारच्या सप्टेंबरात, तिला ताप आला. तिचं रक्त मीच आमच्या लॅबमध्ये तपासलं. सगळे आकडे ठीक होते, तसं मी लिहिलं. दोन दिवसांनी ती गेली. तेरावा झाल्यावर, पाहुणे परतल्यावर, श्रीनिवासने मला विचारलं, "नीट पाहिलं होतंस ना?" मी हो म्हटलं. त्याने परत कधी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही गॅसचा सिलेंडर, पाण्याची वेळ, कुणाचं लग्न, एवढंच बोलत राहिलो, आणि एक दिवस तेही संपलं. भांडण असं झालंच नाही. कोर्टात न्यायाधीशांनी कारण विचारलं तेव्हा आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो होतो.

गुरुवारी सकाळी फोटोत ईशानी सायकलच्या चाकाशी रांगत होती. आमच्या न्हाणीघराच्या खुंटीवर निळी रिबन लटकत होती.

श्रीनिवासने बूट घातले. "चल," तो म्हणाला. "आपण शोधू."

रेकॉर्ड रूम कोर्टाच्या मागच्या बाजूला आहे. दाराशी रेकॉर्डकीपर मुलाणी बसले होते. निवृत्तीला आलेला माणूस, हातात बडीशेपेची डबी. त्यांनी अर्जाचा क्रमांक पाहिला आणि आमच्या पायांकडे बघितलं.

"बूट आहेत हे बरं झालं," ते म्हणाले. "दोन हजार सहा परवापर्यंत त्या पंख्याखाली होतं. अर्ज आला की खोली लांबते. आता चालायला पाऊण तास धरा. सरळ जायचं, मध्ये कुठल्या गठ्ठ्याची गाठ सोडायची नाही. ज्याची त्याने सोडायची."

आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या होत्या आणि त्यांवर लाल रुमालांत बांधलेले गठ्ठे. प्रत्येक मांडणीवर साल लिहिलं होतं. दोन हजार एकोणीसपाशी एक वयस्कर जोडपं सतरंजी टाकून जेवत बसलं होतं. बाईंनी आम्हाला वाट करून दिली.

"तुमचाही सापडत नाहीये का?" मी विचारलं.

"नाही ना. सहा महिने झाले," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या ताटात त्यांनी भाजी वाढली. "आता नको सापडायला. बरं चाललंय आमचं."

"मीठ कमी आहे," नवरा म्हणाला.

"सकाळपासून तेच म्हणताय," त्या म्हणाल्या, आणि दोघे हसले.

दोन हजार चौदापासून वाट अरुंद झाली. शेजारी शेजारी चालता येईना, म्हणून श्रीनिवास पुढे आणि मी मागे असे आम्ही चालू लागलो. छतही खाली येत होतं. मी टंकसाळे सरांचं पहिलं नाव आठवून बघत होते. अर्ज देताना मला ते माहीत होतं. आता फक्त एवढंच आठवत होतं की ते इंग्रजी सात लिहिताना मधे आडवी रेघ मारत नसत.

दोन हजार दहाच्या आसपास श्रीनिवासने खिशातून मोबाइल काढला, बघितला, आणि परत ठेवला नाही. तो छातीशी धरून चालू लागला.

"मी ते विचारायला नको होतं," तो मागे न वळता म्हणाला.

"काय?"

"नीट पाहिलं होतंस का, ते."

आम्ही आणखी एक साल ओलांडलं.

"मी दोनदा पाहिलं होतं," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा स्लाइड बदलून."

"मला माहीत होतं."

"मग विचारलं का?"

"कुणाला तरी विचारायचं होतं."

मला रडू आलं असतं, पण तिथे डोळे पुसायला हात वर नेण्याइतकीही जागा नव्हती. आम्ही खांदे तिरके करून पुढे सरकत राहिलो. रुमालांच्या गाठी पाठीला घासत होत्या. काही गठ्ठ्यांतून हळू आवाजात साक्षी चालू होत्या. एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की तिने कपाट उघडलं नव्हतं.

दोन हजार सहाला एकच मांडणी होती आणि तिच्यापुढे भिंत. आमचा रुमाल वरच होता. कोपऱ्याला चिठ्ठी होती: उदावंत विरुद्ध कुणी नाही. परस्पर संमतीत विरुद्ध कुणी नसतं. श्रीनिवासने गाठ सोडायला घेतली. दुसऱ्या हातात मोबाइल असल्याने ती सुटेना, म्हणून मी सोडली.

हुकूमनामा पहिल्याच कागदावर होता. आमच्या सह्या होत्या. माझी सही तेव्हा अधिक गोल होती. तारीख, न्यायाधीशांची सही, कोर्टाची मोहर, सगळं जिथल्या तिथे. कलम एक, लग्न कधी झालं. कलम दोन, वेगळे कधीपासून राहतो. कलम तीन असं होतं: उभयतांना हयात अपत्य. पुढे एका शब्दाची जागा मोकळी होती, आणि मग पूर्णविराम.

"सापडलं का?" मुलाणींनी विचारलं. भिंतीत एक खिडकी होती आणि ते तिच्या पलीकडे आपल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी हात आत घालून कागद उजेडाकडे कलता केला. "शाई उडालीय. अशी नक्कल निघत नाही."

"मग काय करायचं?" श्रीनिवासने विचारलं.

"पक्षकाराने समक्ष लिहून दिलं तर चालतं. एकच शब्द. आहे किंवा नाही." त्यांनी मला पेन दिलं. "अर्ज बाईंचा आहे. त्यांनीच लिहायचं. मी दीडला जेवायला जातो, आणि मी उठलो की शोध त्याच्या मागच्या रजिस्टरवर जातो."

त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळात एक सत्तावीस झाले होते. मी कागद मांडणीच्या कडेवर ठेवला. तेव्हा माझा फोन वाजला.

"वहिनी, रिक्षावाला बोलतोय," पलीकडून आवाज आला. "केतकीला सोडलंय, पण दाराला कुलूप आहे. मला पुढच्या पोरांना सोडायचंय. घ्या, तीच बोलते."

मग कुणीतरी फोन तोंडाला फार जवळ धरल्यासारखा श्वास ऐकू आला.

"आई, मी आलेय."

मी विचारलं, "ताप आहे का गं?"

"नाही," केतकी म्हणाली. "भूक लागलीय."

श्रीनिवास फोनच्या माझ्याइतकाच जवळ उभा होता, त्यामुळे त्यालाही सगळं ऐकू गेलं. छातीशी धरलेला मोबाइल त्याने हळूच माझ्याकडे वळवला. फोटोत आता सायकल नव्हती. दवाखान्यातल्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं एक बाळ होतं, डोळे न उघडलेलं, आणि कापडाबाहेर आलेली त्याची एक मूठ. कडेने फोटो पांढरा होत चालला होता.

श्रीनिवास माझ्याकडे बघत राहिला. त्याने मला काही विचारलं नाही.

"बाई," मुलाणी म्हणाले आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

मी मोकळ्या जागेवर पेन टेकवलं. 'न' काढला. त्याला काना दिला. फोनमधून केतकी कुलूप हलवून बघत असल्याचा आवाज येत होता.