उडत्या खारीचा खांब

डोंगरसिंगनं आयुष्यात कुणाला घाबरून तोंड लपवलं नव्हतं. पण खाकी कपड्यातली दीपा तांड्यावर आली, की तो गुपचूप गोठ्यामागं जायचा. दीपा तांड्यालगतच्या, पुसदकडच्या जंगलाची वनरक्षक. एका सकाळी ती आली ती गोणपाटात काहीतरी गुंडाळून. मारुतीच्या पारापाशी तिनं ते उघडलं. मांजराएवढी मेलेली उडती खार होती. पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी फाटून लोंबत होती.

"सडक रुंद झाल्यापासून ही चौथी," ती म्हणाली. "कुत्र्यांनी फाडली. झाडावरचं जनावर खाली उतरतंच कशाला? कुणाला काही माहीत असेल तर सांगा."

लोक वाकून खारीकडं बघू लागले. गोठ्यामागं सोनीबाईनं नवऱ्याला, डोंगरसिंगला गाठलं.

"तुमाले ठावं हाय नं? मंग सांगत काहून नाई?"

"मले कसं ठावं हाय, हे बी सांगा लागन नं!"

ते खरं होतं. विशीत असताना त्यानं गलोलीनं त्या खारी पाडल्या होत्या. किती, ते त्यालाही आठवत नव्हतं. एक मात्र विसरता आली नव्हती. ती पाडली तेव्हा तिच्या सडांना दूध होतं, आणि ढोलीत पिल्लाची चिवचिव दोन दिवस चालली होती. झाड सरळसोट, वर चढता येईना. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. त्यानंतर त्यानं गलोल हाती धरली नाही, आणि ही गोष्ट बायकोशिवाय कुणाला सांगितलीही नाही.

दीपा गोणपाट उचलून निघाली तेव्हा तो तिच्या मागं गेला. तांड्याबाहेर तिला थांबवून त्यानं सगळं सांगून टाकलं, पिल्लाचंसुद्धा. सांगताना त्याची मान वर होईना.

दीपानं गोणपाट खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, ती कुठून उडते नि कुठं उतरते, दाखवाल?"

डोंगरसिंगला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण ती खरंच वाट पाहत होती.

दिवस मावळताना तो तिला सडकेवर घेऊन गेला. "जितकी उंच चढन तितकीच दूर जाते," तो बोट दाखवत म्हणाला. "त्या मोहावून निंगते, पलीकडच्या सागावर बुंध्याले चिकटते, मंग पुन्हा वर चढते. आता मधातली झाडं गेली. जोर पुरत नाई, म्हणून सडकेवर पडते. जमिनीवर तिले पयता येत नाई."

"मग मधात झाडं पाहिजेत."

"झाड मोठं व्हाले तीस वर्स लागतीन. तवरिक खांब गाडा न."

दीपानं वनखात्यातल्या साहेबांच्या मागं लागून सागाचे दोन उंच ओंडके मिळवले. सडकेच्या दोन्ही कडांना ते उभे करायचे ठरले. "नुसतं गुळगुळीत लाकूड कामाचं नाई, नख रुतलं पायजे," म्हणत डोंगरसिंगनं स्वतः काथ्याचा दोर आणला आणि खांब आडवे असतानाच बुडापासून शेंड्यापर्यंत गुंडाळला. खांब उभे राहिल्यावर बाजूला त्यानं मोहाची रोपंही लावली.

मग रोज सांजेला दोघं झुडपाआड बसू लागली. चार दिवस गेले, आठ गेले. नवव्या सांजेला मोहावरून एक करडी चादर सुटल्यासारखी खार आली आणि थाडकन खांबाच्या मध्यावर चिकटली. तिथंच दम खात थांबली. मग दोराला नखं रोवत सरसर शेंड्यावर गेली, दुसऱ्या खांबावर झेपावली आणि तिथून पलीकडच्या सागांत दिसेनाशी झाली.

दीपानं डोंगरसिंगचा हात घट्ट धरला. "बाबा, तुमचे उपकार झाले."

"नाई माय," तो खांबाकडं बघत म्हणाला. "उपकार तं तुहे. मी जे मारासाठी शिकलो, थे तू वाचवाच्या कामी आणलं. पन्नास वर्सं मले वाटे, हे डोक्यातून निंगून जावं. आज वाटलं, बरं झालं, राह्यलं."

त्या पावसाळ्यात सडकेवर एकही खार मेली नाही. दिवाळीआधी शेजारच्या जंगलातले दोन वनरक्षक डोंगरसिंगचा पत्ता विचारत तांड्यावर आले. सोनीबाईनं त्यांना चहा दिला. डोंगरसिंग गोठ्यातून हात पुसत समोर आला आणि त्यांच्याकडं कोणत्या सडकेवर खारी पडतात, दोन्हीकडच्या झाडांत किती अंतर आहे, ते नीट विचारून घेऊ लागला.