तीन बोटं आखूड

“दाराविषयी कुणी एक अक्षर काढायचं नाही. ती नवीन आहे.”

बाबा हे म्हणाले तेव्हा ते माझ्या बाहेरच्या अंगाला उभे होते. आणि ‘ती’, म्हणजे त्यांची नवी सून, माझ्या आतल्या अंगाला वाकून रंध्याच्या ढलप्या गोळा करत होती. दोघांच्या मधे फक्त मी.

मी ते दार बोलतोय. ज्याच्याविषयी बोलायचं नाही असं ठरलं, तेच.

खरं तर आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ नये, एवढ्यासाठीच दार असतं. माझ्याकडून तेवढंही होत नाही, कारण मी खालून तीन बोटं आखूड आहे. वारा, धूळ, वाळकी पानं, कुजबुज, कुणालाच माझी परवानगी लागत नाही. दुसऱ्या दारांखालून उंदीर अंग चोरून जातात. माझ्याखालून ते मान ताठ ठेवून जातात.

मी ज्याचं दार आहे, त्याला घरात सगळे खोपटं म्हणतात. घरामागचं अंगण संपून उतार लागतो तिथं लाकडाची एक खोली, बस. बाबा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्क्रूंशी झटापट करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुकान बंद केल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, की आता भिंगाशिवाय दिसेल असं काहीतरी करायचं.

“सुतार बोलवा,” आई म्हणाल्या.

“सुतार कशाला? आपण चार माणसं काय मेलो आहोत?”

चार म्हणजे बाबा, आई, मुलगा आणि मुलगी. पाचवी तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिनं आकडा ऐकला आणि पाचही कप भरले.

खोपटं कसं झालं ते आता सांगायला हवं, नाहीतर माझी लाज कुणाला कळायची नाही. या घरात कामाला हात लागतो तसा चुकीलाही लागतो, आणि ज्याची चूक त्याचं नाव तिला मिळतं. बाबांनी छताला आधार म्हणून खांब रोवला तो नेमका खोलीच्या मधोमध. उठता-बसता सगळ्यांचं कपाळ त्यावर आपटतं. तो बाबांचा खांब. आईंनी हट्टानं खिडकी स्वतः बसवली, तेव्हा कडी बाहेरच्या बाजूला गेली. ती आईंची खिडकी.

“आई, उकडतंय गं, खिडकी उघड ना.”

“उघडते हं. आधी बाहेर जाऊन येते.”

मुलानं पन्हाळ असा बसवला की छतावरचं सगळं पाणी बरोबर पायरीवर, आत येणाऱ्याच्या मानेवर पडतं. तो दादाचा शॉवर. मुलगी औषधाच्या दुकानात कामाला आहे. तिथं दिवसभर बाटल्या सरळ रेषेत मांडते, पण इथं तिनं लावलेल्या फळीवर ठेवलेली वाटी एकटीच चालत जाऊन खाली पडते. त्या फळीला घसरगुंडी म्हणतात. या चुकांवरून ते एकमेकांना इतकं छळतात, इतकं खदखदून हसतात, की त्या दुरुस्त करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

सून तेव्हा खिळे हातात देत असायची. हसायची, पण थोडी उशिरा. आधी बाकीचे हसलेत ना हे बघून घ्यायची.

मग माझी वेळ आली. बाबा म्हणाले, “सूनबाई, चौकटीची उंची तेवढी घे पाहू.” तिला मिळालेलं ते पहिलं खरं काम. ती टेप घ्यायला अशी गेली, जणू बक्षीस घ्यायला बोलावलंय.

त्या टेपविषयी सांगतो. फार वर्षांपूर्वी मुलीनं ती लोखंडी कपाटाच्या दारात चिरडली आणि पहिले दोन इंच तुटून गेले. नवी टेप कुणी आणली नाही. हिच्यावर जो आकडा येईल त्यातून दोन वजा करायचे, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. मोजणारानं टेपवरचा आकडा सांगायचा आणि वजाबाकी बाबांनी करायची, अशी रीत. पण ही रीत नवीन माणसाला सांगायला हवी, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. सवयी कुणी कुणाला सांगत नाही.

सून मात्र बघणारी. टेप तुटकी आहे हे तिनं आधीच हेरलं होतं. चौकटीला लावली तेव्हा टेपवर आले बहात्तर. हे मला चौकटीनं सांगितलं. आम्ही एकाच बिजागरीनं बांधलेले, आमच्यात काही लपून राहत नाही. तिनं मनातल्या मनात दोन वजा केले आणि म्हणाली, “सत्तर.”

“दोन वजा केलेस ना?” एवढंच बाबांनी विचारायचं होतं. नाही विचारलं. नव्या सुनेवर विश्वास नाही असं वाटेल म्हणून. “मी वजा केलेत हं बाबा,” एवढंच तिनं सांगायचं होतं. नाही सांगितलं. सासऱ्यांना हुशारी दाखवल्यासारखं होईल म्हणून. बाबांनी गुपचूप आपले दोन वजा केले आणि वखारीत जाऊन अडुसष्ट इंचांच्या फळ्या मागितल्या. वखारवाल्यानं बोट ठेवायला जागा राहू नये इतक्या नेमक्या कापल्या. त्या फळ्या म्हणजे मी.

दोन माणसांच्या भिडेतून माझा जन्म झाला. मला वाटतं, माझ्याइतक्या सभ्यपणे कुणी दार बिघडवलं नसेल.

मला बसवलं त्या दिवशी सगळे मागं सरकून बघत राहिले. सून आत केर काढत होती. मुलीनं मला लोटून घेतलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “दार आहे का हाफपँट?”

भावाला हसू फुटलं. आईंनी “शू!” केलं. आणि बाबा हलक्या आवाजात म्हणाले, “मी तर दोनच इंच वजा केले होते. पोरीचं मोजताना चुकलं असेल. दाराविषयी कुणी एक अक्षर काढायचं नाही. ती नवीन आहे.”

आत सुनेनं ते ऐकलं. दोन इंच कुठं गेले ते तिला त्याच क्षणी कळलं. ढलप्या ओच्यात घेऊन ती बाहेर आली, तेव्हा सगळे एकदम आभाळाकडं बघत होते.

“छान झालं हो दार,” आई म्हणाल्या.

“हवा खेळती राहील,” मुलगा म्हणाला. स्वतःचा नवरा!

त्या दिवसापासून माझी लाज सुरू झाली. आखूड झालेले कपडे घालून पाहुण्यांसमोर उभं राहावं तसं वाटे. आई रोज संध्याकाळी एका जुन्या चादरीची वळकटी माझ्या पायाशी सारून ठेवत, कुणाचं उघडं पडलेलं झाकावं तशी. मायेनंच करत, म्हणूनच जास्त लागे. खांबाला शिव्या मिळत, खिडकीची चेष्टा होई, शॉवरखाली भिजलेला माणूस हसत हसत ओरडे. माझ्यापाशी आलं की आवाज खाली येत.

सुनेचंही तसंच. ती आली की चेष्टा थांबे, ‘तू बस गं, आम्ही करतो’ सुरू होई. सगळे तिला जपत, आणि ती दिवसेंदिवस बारीक आवाजात बोलू लागली. एका दुपारी कुणी नसताना तिनं माझ्या अंगावर तळवा ठेवला. “तुझं माझं सारखंच आहे बघ,” म्हणाली. “आपली थट्टासुद्धा कुणी करत नाही.” लाकडाला रडता येत नाही म्हणून बरं.

वाचकहो, तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, तरी एक मागणं आहे. घरात कुणी नवीन आलं, तर त्याच्या चुकीवर पांघरूण घालू नका. तुमच्या चुकांच्या रांगेत तिलाही जागा द्या.

मग परवा मावशी आल्या, आईंची बहीण. खोपटं दाखवायचा कार्यक्रम झाला. त्यांनी खांबावर कपाळ आपटून घेतलं, घसरगुंडीवरून वाटी पडताना पाहिली, खिडकी उघडायला बाहेर जाऊन आल्या. हसून हसून डोळे पुसत त्या दाराशी आल्या आणि पायानं चादरीची वळकटी बाजूला सारली.

“अगंबाई! आणि हे कुणाचं?”

सून चहाचा ट्रे घेऊन खांबापाशी उभी. बाबांनी चष्मा पुसायला काढला.

“ते… वखारवाल्यानं कापताना घोळ घातला,” ते म्हणाले.

“हो का? बरं झालं सांगितलंत. मी त्याच्याकडं कपाटाच्या फळ्या सांगणार होते. आता नको रे बाबा.”

बाबा चष्मा पुसतच राहिले. ज्यानं कुणाचं वाकडं केलं नाही, त्या माणसाचं गिऱ्हाईक माझ्यापायी तुटत होतं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. उभ्या उभ्या कुजून जावं असं वाटलं.

सुनेनं ट्रे घसरगुंडीवर ठेवला. तो चालू लागला, मुलीनं झेप घेऊन धरला, तरी कुणी हसलं नाही. सून माझ्यापाशी आली. लग्न झाल्यापासून या घरानं तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. माझं सांगून संपलं. यापुढचं बोलणं तिचं.

“वखारवाल्यानं सांगितलं तेवढंच कापलं, मावशी. दोन इंच बाबांनी वजा केले, आणि त्याआधी मीही केले होते. दार आमच्या दोघांचं आहे. आणि नाव म्हणाल, तर ते पहिल्याच दिवशी पडलंय, ताईंनीच पाडलं, मी आत बसून ऐकलं. हाफपँट!”