अर्पणपत्रिका

देवव्रत गद्रे यांच्या एकाही ग्रंथाला अर्पणपत्रिका नव्हती आणि ही गोष्ट ते चारचौघांत आवर्जून सांगत. आईवडील, गुरुजी, पत्नी, झालंच तर गल्लीतला मारुती, लोक कोणाकोणाला पुस्तकं वाहतात हे सांगताना त्यांचा ओठ वाकडा होई. मान मात्र कधी वाकली नव्हती. पुण्यातल्या ज्या संस्थेत त्यांची हयात गेली, तिथे पश्चिम आशियातल्या प्राचीन अरामाईक लिपीतलं कोणाला ओ की ठो कळत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कोणापासून लपवलं नाही. म्हणूनच दोन हजार सहा साली एका धनिकाच्या खाजगी संग्रहाची सूची करायला ते कतारमध्ये दोह्याला गेले, तेव्हा पुण्यात कोणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही.

तिथल्या मुशैरिब भागातल्या एका जुन्या इमारतीत, खाली घड्याळांचं दुकान आणि वर हे थंडगार दालन, असा तो संग्रह होता. मालक कधी दिसत नसत. व्यवहार बघायचा जहूर नावाचा व्यवस्थापक, सदा अत्तरात न्हालेला. हा माणूस गालिचे विकायच्या लायकीचा आहे, हे गद्र्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. सूची टाइप करायला वसईची फिलोमिना होती. ती त्यांच्याशी मराठीत बोले आणि तिच्या मराठीचाही त्यांना कंटाळा होता.

दालनाच्या मधोमध बुटक्या चौथऱ्यावर काळ्या दगडाची एक शिळा होती. ‘आपल्या राजाच्या आयुष्यासाठी ही शिळा देवापुढे उभारली,’ एवढं तीवर स्वच्छ वाचता येत होतं; राजाचं नाव मात्र पार झिजून गेलं होतं. गद्र्यांनी माणसांकडून ओला कागद थापून ठसा काढून घेतला आणि तो टेबलावर पसरून वाचला. तळाची ओळ जवळजवळ जमिनीलगत होती, ती ठशात आली नव्हती. ती वाचायला दगडापुढे गुडघे टेकावे लागले असते. ती पुसट असावी असं ठरवून त्यांनी सोडून दिली.

“सर, राजा का नाम चाहिए,” जहूर म्हणाला. “अगले महीने ओपनिंग है, इन्शाल्ला. बिना नाम का राजा मालिक को नहीं चलेगा.”

नाव वाचता येत नाही, हे खरं उत्तर होतं. पण खरं उत्तर द्यायला समोरचा माणूस त्या योग्यतेचा लागतो, असं गद्र्यांना वाटलं. उंटांच्या शर्यती बघणाऱ्यांना राजा हवाय ना, मग घ्या राजा. त्यांनी तिथल्या तिथे कानाला बरं वाटेल असं एक नाव रचलं, अबिहदन, त्याला एक शतक बहाल केलं आणि खाली दोन-तीन भारदस्त तळटीपा ठोकल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी धडधडीत खोटं लिहिलं होतं, आणि त्यांना त्याची लाज वाटण्याऐवजी गंमत वाटली.

“सर, हे नाव नक्की ना?” टाइप करताना फिलोमिनाने विचारलं.

“तू स्पेलिंगकडे लक्ष दे,” गद्रे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात लंडनहून एक खोकं आलं. ते तिथे वर्षभर सीलबंद पडून होतं, कागदपत्रं तसं सांगत होती. आत एक लहानसा दगड होता, आणि त्याच्यावर, कालच कोरल्यासारख्या ठसठशीत अक्षरांत, राजा अबिहदन.

गद्रे बराच वेळ भिंग धरून उभे राहिले. कोणी चावटपणा केला म्हणावं, तर एवढी अक्कल इथे होती कोणाला? हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू परत आलं. आपली विद्वत्ता इतकी मुरलेली आहे की आपण थट्टेत बोललो तरी खरंच निघतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

संध्याकाळी मदिनत खलीफा वस्तीतल्या घरी त्यांनी पत्नीला, सुचित्राला, सहज विचारावं तसं विचारलं, “अबिहदन हे नाव कधी ऐकलंयस?”

सुचित्रा कणीक मळत होती. तिने वर पाहिलंही नाही.

“आता त्याच्यावरून पुन्हा भांडण नको,” ती म्हणाली. “पहिलं पुस्तक निघालं तेव्हा मी सगळी मुद्रितं तपासली, डोळे फोडले. माझं नाव घालाल असं वाटलं होतं. घातलंत त्या मेल्याचं.”

ते कपाटाकडे गेले. पुस्तक त्यांचंच होतं, कोपऱ्यावर चहाचा तोच डाग. मुखपृष्ठ उलटल्यावर जे पान त्यांनी आयुष्यभर अभिमानाने कोरं ठेवलं होतं, त्याच्या मधोमध दोन शब्द छापले होते: ‘अबिहदन यांस.’ कागद पिवळा पडला होता आणि शाईही.

सकाळी ते जहूरच्या केबिनमध्ये न सांगता शिरले. आपण खोटं लिहिलं, असं म्हणायला त्यांना किती जड गेलं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक; पण ते म्हणाले. राजा बनावट आहे, नाव काढून टाका, हवं तर मला काढा.

जहूर उठून उभा राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. “सर, तबियत ठीक नहीं है क्या? आप ही तो पहले दिन से उनका नाम लेते हो. हम लोग तो आपसे सीखे.”

गद्रे दालनात गेले. शिळेवर झिजलेली जागा राहिली नव्हती. नाव तिथे होतं. आता उरली होती ती तळाची एकच ओळ. तिच्यात तरी काही चूक, नकलेची काही खूण सापडली तर सगळं आपोआप खोटं ठरणार होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दगडापुढे गुडघे टेकले. तेवढ्याने भागेना, म्हणून मान खाली घातली, अगदी कपाळ चौथऱ्याला लागेपर्यंत.

‘उभारणारा, त्याचा सेवक,’ एवढंच कोरलेलं होतं. पुढे एका नावाएवढी जागा घासून गुळगुळीत करून ठेवली होती. तिच्यावर अजून छिन्नी लागली नव्हती.

मागे पावलं वाजली. फिलोमिना आली होती. साहेबांना असं जमिनीवर पाहून ती दचकली नाही, की तोंड वळवून हसली नाही. तिच्या हातात एक चपटी उशी होती, मधोमध दोन खळगे पडलेली.

“सर, आज उशी न घेताच बसलात,” ती हळूच म्हणाली. “रोज घेता ना.”

आणि वाकून तिने ती त्यांच्या गुडघ्यांखाली सरकवली. खळगे बरोबर बसले.