डॉक्टर नमिताताईंचा शिक्का आणि पाच कोरे कागद

मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ आणि पोटावर उलट्या अक्षरांत डॉक्टर नमिताताईंचं नाव. वर्ध्याच्या एका कारागिराने मला घडवलं आणि मी पुलगावच्या दवाखान्यात आलो. मित्रांनो, माझा तोरा काय सांगू! माझा ठसा पाहिल्याशिवाय औषधवाला जोखमीच्या गोळ्यांना हात लावत नसे.

आमच्याकडे योगेंद्र यायचा. नाचणगावचा हा पोरगा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिला आला आणि चौकाचौकात त्याची पोस्टरं लागली. नमिताताई त्याच्या खास डॉक्टर झाल्या. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू! एकदा कार्यक्रमाआधी त्याचा गळा बसला. ताईंनी नीट तपासून स्टेरॉइडच्या मोजक्या गोळ्या दिल्या आणि आवाज खणखणीत झाला.

मग त्याचे दौरे सांभाळणारे काका, बबनराव, म्हणाले, "मॅडम, दौऱ्यावर तुमाले कुठं शोधू? चार-पाच कागद शिक्का मारून देऊन ठेवा ना."

एवढ्या नावाजलेल्या पेशंटला ताईंना नाही म्हणवेना. पाच कोऱ्या कागदांवर त्यांनी सही केली आणि मला दाबलं. मला मेल्याला त्याचंही कौतुकच वाटलं!

चार महिन्यांनी योगेंद्र आला तो ओळखूच येईना. चेहरा सुजलेला, आवाज फाटलेला. बबनरावांनी चार गावी त्यातल्या एकेका कागदावर त्याच गोळ्या लिहून आणल्या होत्या. तरी म्हणतात कसे, "परवा हिंगणघाटले प्रोग्राम हाये. एवढ्या वेळेस देऊन द्या."

योगेंद्र कसाबसा बोलला, "मॅडम, मले परत गाता येईन ना?"

ताईंचे डोळे भरले. "चूक माझी आहे, काका. न तपासता शिक्का मी मारला. आता प्रोग्राम नाई. या गोळ्या एकदम सोडता येत नाई, मी हळूहळू कमी करते. अन् महिनाभर यानं तोंडातून शब्द काढायचा नाई."

उरलेला एक कागद त्यांनी मागून घेतला आणि फाडला. "दुसरा डॉक्टर पाहू!" म्हणत बबनराव तणतणत बाहेर गेले. योगेंद्र मात्र खुर्चीवरून हलला नाही. मग ताईंनी त्याची छाती तपासली, गळा पाहिला, सगळं लिहिलं आणि शेवटी मला उचललं. बाप रे, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

यंदा तो नाचणगावात गायला. मी ताईंच्या पर्समध्ये होतो. वरचा सूर लागला तशा ताई रडल्या, आणि मला फार फार बरं वाटलं.

आता माझी अक्षरं झिजली आहेत, पण मी सुखात आहे. मित्रांनो, मोठेपणी तुमच्याही हाती एखादा शिक्का येईल. कितीही मोठ्या माणसासाठी मागितला, तरी तो माणूस समोर बसल्याशिवाय उचलू नका.